हिस्टोनवरील फॉस्फेटचीही दखल घ्यावी

माननीय संपादक,
स. न.

जनुकांच्या नियमनाचा विषय निघाला की मराठी वृत्तपत्रांतील लेखनात बहुधा डीएनएच्या मिथायलीकरणावर (डीएनएला मिथाइल गट जोडला जाण्यावर) आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या खुणांवरच भर दिला जातो. केंद्रकात काही मिनिटांत उमटणारी आणि काम झाले की पुसली जाणारी खूण, म्हणजे हिस्टोन प्रथिनांचे फॉस्फोरिलीकरण (त्यांना फॉस्फेट गट जोडला जाणे), वाचकांपर्यंत पोहोचतच नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऋणभारित डीएनए धनभारित हिस्टोनांच्या अष्टकाभोवती गुंडाळलेला असतो, एवढे बारावीचे विद्यार्थी शिकतात. या अष्टकातून बाहेर आलेल्या शेपटांवरील सेरीन, थ्रिओनीन यांसारख्या अमिनो आम्लांना कायनेज विकरे (एन्झाइम) फॉस्फेट जोडतात आणि फॉस्फेटेज विकरे तो काढून टाकतात. फॉस्फेट ऋणभारित असल्यामुळे डीएनएवरील पकड सैल होते, हे स्पष्टीकरण सोपे असले तरी अपुरे आहे. एच३ या हिस्टोनच्या साखळीतील दहाव्या स्थानावरील सेरीनचेच पाहा. बाहेरून संकेत मिळाल्यावर मोजक्या जनुकांपाशी येथे फॉस्फेट लागतो, तेव्हा ती जनुके कार्यान्वित होतात. पेशी विभागताना मात्र ऑरोरा-बी हे विकर तोच फॉस्फेट सर्व गुणसूत्रांवर लावते, शेजारच्या नवव्या स्थानावरील लायसीन या अमिनो आम्लाला धरून बसलेले, जनुके बंद ठेवण्यास मदत करणारे एचपी१ प्रथिन त्यामुळे सुटते, आणि नेमकी त्याच वेळी गुणसूत्रे आखूड व घट्ट होत असतात. खूण एकच, पण ती केव्हा, कोठे आणि कोणाच्या शेजारी उमटली यावर तिचा परिणाम ठरतो.

दुसरे उदाहरण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. किरणोत्सर्गाने डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम विकर आसपासच्या एच२एएक्स हिस्टोनच्या १३९व्या सेरीनवर फॉस्फेट लावते. ही खूण तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाखो बेस जोड्यांपर्यंत पसरते, एमडीसी१ प्रथिन तिला चिकटते आणि दुरुस्तीची यंत्रणा तेथे गोळा होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी १९९८ साली ती प्रथम दाखवून दिली. या खुणेला चिकटणाऱ्या प्रतिदीप्त (प्रकाश टाकल्यावर चकाकणाऱ्या) प्रतिपिंडांनी रंगवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या की केंद्रकात चकाकणारे ठिपके दिसतात आणि ते मोजून डीएनए किती ठिकाणी तुटला याचा अंदाज बांधता येतो. प्रारणानंतर साधारण अर्ध्या तासात ते सर्वाधिक असतात, मग विरत जातात. जे रेंगाळतात, त्यांच्या ठिकाणी दुरुस्ती रखडली असावी असे समजले जाते.

हे काम आपल्या दारातही चालते. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी केरळच्या किनाऱ्यावरील, मोनाझाइट या किरणोत्सारी थोरियम असलेल्या खनिजाने युक्त वाळूमुळे नैसर्गिक प्रारण अधिक असलेल्या भागांतील रहिवाशांच्या रक्तपेशींत हेच ठिपके तपासले आहेत. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत जठराच्या कर्करोगाच्या संदर्भात एच३ च्या दहाव्या सेरीनवरील फॉस्फेटचा अभ्यास झाला आहे. मुंबई-नवी मुंबईतील या संशोधनाची मराठी वाचकाला वार्ताही नसावी, याचे वाईट वाटते.

आपल्या विज्ञान पुरवणीसाठी अशा संशोधकांकडून लेख लिहून घ्यावेत आणि सोबत त्या ठिपक्यांची छायाचित्रे छापावीत. तसेच आहाराने जनुकांचे वर्तन बदलते असे दावे करणाऱ्या मजकुराला जागा देण्यापूर्वी, कोणत्या हिस्टोनच्या कोणत्या अमिनो आम्लावर बदल आढळला आणि तो किती वेळ टिकला, हे लेखकाला अवश्य विचारावे, ही विनंती.

आपला,
जीवशास्त्राचे अध्यापन करणारा एक वाचक