बाबा, तुमचं पाऊल मला लिहून घ्यायचं आहे

बोलोन्या,
इटली. दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुला माझा अंगठा दिसला आणि बाकीचं सगळं बोलणं तिथंच थांबलं. आता सूज उतरली आहे. नख काळंनिळं आहे, पण हाड शाबूत आहे, एक्स-रे काढून पाहिला. सराव संपत आला होता, मी जाड हातमोजे काढून पातळ घातले होते आणि तेवढ्यात समोरचीचा वार मुठीवर उतरला. चूक माझीच. तोंडावर जाळीचा मुखवटा असतो, गळ्याला कडक पट्टा, अंगात गोधडीसारखा जाड अंगरखा. तलवार पोलादाची असली तरी धार नसते आणि टोक गोल केलेलं असतं. वजन किलोभर, आपल्या वरवंट्याहून हलकी. तेव्हा काळजी करू नकोस.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. फोनवर मी तलवारीचा विषय काढला की बाबा "बरं, जेवलीस का?" म्हणतात आणि फोन तुझ्या हातात येतो. कागदावर मला सगळं सलग सांगता येईल.

मंगळवारी आणि गुरुवारी कारखान्यातून सुटले की मी थेट एका शाळेच्या व्यायामशाळेत जाते. तिथं आम्ही चौदा जण बोलोन्याची जुनी पद्धत शिकतो, सोळाव्या शतकातली, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात वीतभर गोल ढाल. इथं या ढालीला ब्रोक्किएरो म्हणतात. बाबा, मी ती पहिल्यांदा हातात धरली तेव्हा माझ्या तोंडातून तुमच्या मर्दानी खेळातल्या ढालीचं नाव, "फरी" असंच निघालं होतं. गदक्याच्या काठीच्या जागी तलवार घ्या, की पुढचं तुम्हाला सांगावं लागणार नाही.

ही विद्या आम्ही शिकतो ती मुख्यतः पुस्तकांतून. बोलोन्यातल्या आकिल्ले मारोत्सो नावाच्या वस्तादांनी 1536 साली मोदेना गावी 'ओपेरा नोव्हा' हे पुस्तक छापून घेतलं. त्याआधी पाच वर्षं, 1531 मध्ये, मांचोलीनो यांचं पुस्तक व्हेनिसमध्ये छापलं होतं. पुढं 1572 मध्ये दाल्लागोक्किए यांचं आलं, त्यात तर महिनाभरात माणसाला द्वंद्वासाठी तयार कसं करायचं तेही सांगितलंय. नंतर लांब, अरुंद पात्याच्या भोसकायच्या तलवारीचे दिवस आले आणि तलवार-ढालीची ही पद्धत मागं पडली. आज या गावात असा एकही माणूस नाही जो म्हणेल, की हे मला माझ्या वस्तादांनी दिलं, त्यांना त्यांच्या वस्तादांनी. मधली साखळी तुटली आहे. उरले आहेत ते कागद.

आणि ते कागद सोपे नाहीत. मारोत्सो लिहितात ते आधीच शिकलेल्या माणसाला उद्देशून. वाक्य पानभर चालतं. उजवा पाय इकडं टाक, तलवार अमुक पवित्र्यात आण, त्यानं असं केलं तर तू तसं कर. (इथं गार्दिया म्हणतात त्याला मला पवित्रा हाच शब्द सुचतो. फिंता म्हणजे हूल.) पवित्र्यांची नावं मात्र सुंदर आहेत. एक आहे 'लोखंडी दरवाजा', दुसरा 'रानडुकराचा लोखंडी दरवाजा', आणखी एक 'लांब, अरुंद शेपटी'. चित्रं आहेत, पण थांबलेल्या माणसांची. एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत तो माणूस कसा गेला, श्वास कधी सोडला, टाच आधी टेकली की चवडा, यातलं चित्रात काही नाही. एका वाक्यावर आमचे दोन-दोन तास जातात. एक जण मोठ्यानं वाचतो, दोघं करून बघतात, बाकीचे वाद घालतात. मला हे फार आवडतं. दिवसभर मी पॅकिंगच्या मशिनांचे नकाशे बघते आणि नकाशात न लिहिलेलं काय असेल ते शोधते. इथंही तेच करते, फक्त मशिनच्या जागी माझं अंग असतं.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. ऑगस्टच्या सुट्टीआधी आम्ही तीन आठवडे एका पावलावर अडलो होतो. उजवा पाय तिरका पुढं टाकायचा आणि डावा पाय त्याच्या मागून येऊ द्यायचा, असं या पुस्तकांत वरचेवर येतं. मागून म्हणजे किती मागून? सरळ ओढत की गोल फिरवत? माझी पाळी आली तेव्हा मी काही विचार न करता पाऊल टाकलं. डावा पाय जमिनीला जेमतेम घासत कोयत्यासारखा वळून आला आणि मी समोरच्याच्या तलवारीच्या रेषेतून बाहेर होते. शिकवणारे म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा केलं. कुठं शिकलीस म्हणाले. मला सांगता येईना, कारण मी ते शिकले नव्हते, फक्त पाहिलं होतं.

मागच्या अंगणात, हौदाशेजारी. मी आठ-नऊ वर्षांची असेन. गंगावेशीतल्या काकांनी कशावरून तरी तुम्हाला छेडलं आणि तुम्ही कपडे वाळत घालायची काठी उचलून दोन मिनिटं फिरलात. तुमच्या धोतराचा सोगा फडफडत होता आणि पायांचा मात्र आवाज नव्हता. मग काठी जागेवर ठेवली आणि वस्तादांचं नाव घेत कानाच्या पाळीला हात लावलात. आईला आठवेल, कारण ती चहा घेऊन दारात उभी होती आणि चहा तसाच निवला.

त्या वर्षी मी म्हटलं होतं, मला तालमीत यायचंय. तुम्ही "बघू" म्हणालात. आता पेठांमधून मुली पट्टा फिरवतात, शिवजयंतीला लोक थांबून बघतात. तेव्हा तसं नव्हतं, हे मला कळतं. तरी ते "बघू" इतकी वर्षं माझ्यापाशी राहिलं, हेही तुम्हाला सांगायला हवं.

मारोत्सोंच्या बोलोन्याचं आणि आपल्या मर्दानी खेळाचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही. हातात छोटी ढाल आणि समोर शत्रू असला की दोन पायांच्या माणसाला सुचतात ती पावलं थोडीफार सारखी असणार, इतकंच. (युरोपची पाती मात्र आपल्याकडे खरोखर येत. त्यांना आपली मूठ बसवली की ती फिरंग.) मला अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. मारोत्सोंचे वस्ताद होते ग्वीदो अंतोनियो दी लुका. मारोत्सो त्यांचं नाव फार आदरानं घेतात, त्यांच्या शाळेतून योद्धे बाहेर पडले ते जणू ट्रॉयच्या घोड्यातून, असं म्हणतात. त्या ग्वीदो अंतोनियोंचं स्वतःचं पुस्तक आज कुणाकडेही नाही. त्यांच्या विद्येतलं जे काही उरलं ते शिष्यानं लिहिलं म्हणून.

बाबा, तुम्ही काही लिहिलेलं नाही. तुमच्या वस्तादांनीही नाही. तुमच्याबरोबर खेळणारे किती जण राहिले, तुम्ही मागं सांगितलंत. दोन. इथली माणसं पाचशे वर्षांपूर्वीचं एक पाऊल कळावं म्हणून महिनेच्या महिने घालवतात, आणि ते पाऊल ज्याच्या पायात आहे तो माझा बाप कोल्हापुरात खुर्चीत बसून पेपर वाचतो. त्या गुरुवारी घरी आल्यावर मला झोप लागली नाही.

म्हणून विनंती आहे. डिसेंबरात मी तीन आठवडे येते आहे. रोज सकाळी, तुमचा गुडघा मोकळा असेल तेव्हा, अर्धा तास मला द्या. तुम्ही उभं राहायची गरज नाही. खुर्चीत बसून सांगा, पाय माझे. चुकले तर थांबवा, तालमीत ओरडायचे तसं ओरडा. कोणत्या हाताला काय म्हणायचे, सलामी कशी घ्यायची, फरीवर गदका आला की मनगट कुठं वळतं, लिंबू कापताना नजर लिंबावर की हातावर, सगळं. मी फोनवर चित्रण करीन आणि रात्री लिहून काढीन. तुम्ही म्हणाल, एवढं कुठं आठवतंय. इथले आणखी जुने एक वस्ताद, फियोरे देई लिबेरी, 1410 च्या सुमारास हेच लिहून गेलेत, की ही विद्या इतकी मोठी आहे की पुस्तकाशिवाय ती कुणाच्या आठवणीत मावणार नाही. आणि त्यांनी तर चाळीस वर्षं त्यात घातली होती.

आई, त्या फियोरेंचं एक पान तुझ्यासाठी छापून आणते. मधे माणूस उभा आहे आणि चहूबाजूंनी चार प्राणी. वर रानमांजरासारखा लिंक्स, हातात कंपास, म्हणजे नजर. एका बाजूला वाघ, बाणासकट, म्हणजे चपळाई. दुसऱ्या बाजूला सिंह, त्यानं काळीज धरलंय, ते धाडस. आणि पायाशी हत्ती, पाठीवर बुरूज, म्हणजे बळ. वाघ काही आपल्या वाघासारखा दिसत नाही, पण हत्ती तुला आवडेल. फेराराच्या सरदारासाठी केलेलं ते पुस्तक, आणि फेरारा इथून आगगाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. तू येशील तेव्हा जाऊ.

तुझं कामही मी ठरवून ठेवलंय. बाबा शब्द विसरतात तेव्हा तू स्वयंपाकघरातून तो पुरवतेस. तू समोर बसायचंस आणि वही तुझ्याकडे. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि पन्नास वर्षं तू ते सगळं ऐकलं आहेस.

खंडेनवमीला मी तलवार पुसून पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं. झेंडू मिळाला नाही, बाल्कनीतलं जिरेनियम वाहिलं. संध्याकाळी सरावाला गेले तर मुठीवरचं कुंकू बघून सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं. पुढच्या वर्षी सगळ्यांच्या तलवारी एकत्र मांडू असं ठरलंय.

बाबा, माळ्यावर ट्रंकेच्या मागं पोत्यात गुंडाळलेली तुमची फरी आणि गदका आहे. तुम्ही वर चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. चामड्याला कसर लागली आहे का तेवढं बघून ठेवा. तेल लावू नका, उन्हात ठेवू नका, मी येईपर्यंत नुसती सावलीत वारं लागू द्या. आणि तुमच्या त्या दोन मित्रांना विचारून ठेवा, एखाद्या सकाळी ते येतील का.

तुमची
मनू