मुखपृष्ठावरची बोट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत 'महिन्याला एक पुस्तक' उपक्रमाची पुढच्या महिन्याची यादी आलीय आणि वर चौकटीत लिहिलंय की मागच्या यादीचा वाचकांना खूप उपयोग झाला. कुठल्या वाचकांना ते कळलं असतं तर मी त्यांनाच फोन केला असता, तुम्हाला पत्र लिहायचा त्रास घेतला नसता.

उपक्रम चांगला आहे, हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला नुसती तक्रार करायचीय. मी, माझी जाऊ आणि ऑफिसातल्या दोघी अशा चौघी जानेवारीपासून करतोय. जाऊ कायम पुढे. ह्या महिन्याची थीम 'बोटीवर घडणारं पुस्तक' वाचून मला तर फारच मजा वाटली होती, कारण अशी थीम आपल्याला आपण कधीच दिली नसती. अडचण थीमची नाही. खाली तुम्ही जी पाच नावं दिलीत, त्यांची आहे.

पहिलं नाव तीन खंडांचं. पानं मिळून अकराशेच्या वर. महिन्यात. दुसऱ्याची आवृत्ती संपलीय, आणि नुकतीच नाही, दुकानदाराने नाव ऐकून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ग्रामोफोनची पिन मागितली. चौथा कवितासंग्रह आहे, ज्याच्या नावात सागर आहे आणि आत विरह आहे. पाचवं फक्त इंग्रजीत मिळतं, अनुवाद झालेलाच नाही, पण तुम्ही नाव मराठीत छापलंत त्यामुळे मी दोन दिवस तो अनुवाद शोधत बसले.

आता तिसरं. त्याच्या मुखपृष्ठावर एक सुंदर गलबत आहे, शिडं फुगलेली, मागे केशरी आकाश. मी घेतलं. पन्नास पानं झाली, वाड्यातली भांडणं. म्हटलं आता निघतील बंदरावर. शंभर पानं झाली, वाटणीचा खटला. दीडशेच्या पुढे एकदा मुसळधार पाऊस पडतो आणि अंगणात तळं साचतं, तेवढंच काय ते पाणी. पान २१२ वर थोरला मुलगा म्हणतो, 'मी परदेशी जातो.' मी अक्षरशः उठून बसले. पुढच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य, 'चार वर्षांनी तो परतला.' संपादकसाहेब, तो विमानाने आला होता.

पुस्तक वाईट नाहीये हो. दुसऱ्या कुठल्या महिन्यात मी ते आवडीने वाचलं असतं. पण ते तुमच्या यादी करणाऱ्याने वाचलेलं नाही, हे मी शपथेवर सांगते. त्याने मुखपृष्ठ पाहिलं आणि लिहिलं, 'समुद्राची ओढ असणाऱ्या प्रत्येकाने वाचायलाच हवं असं.' हे 'वाचायलाच हवं' एकदा बंद करा तुम्ही. कोणी वाचायला हवं, का, किती पानांचं आहे, मिळतं का, ह्यातलं एक तरी सांगा. पाच पुस्तकांना पाच ओळी, आणि पाचही ओळींत 'अंतर्मुख करणारं'.

तोवर महिन्याचे अठरा दिवस गेले होते. जाऊबाईंचं केव्हाच झालं होतं, कुठलं वाचलं ते सांगेनात. मग मी वाचनालयात गेले. तिथे आता संगणक आहे, आपलं आपण शोधा म्हणून. मी 'बोट' टाकलं. पहिलं आलं अ‍ॅक्युप्रेशरचं पुस्तक, दुसरं लहान मुलांसाठी बोटांच्या ठशांची चित्रं. संगणकाला दोष देऊन काय उपयोग म्हणा, त्याला शीर्षक, लेखक आणि विषय एवढंच कळतं. मराठी कादंबरी म्हटलं की ड्यूईच्या, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे द्यायच्या, पद्धतीने सगळ्यांना एकच आकडा, ८९१.४६३, मग ती बोटीवर घडो की बोहल्यावर. कथा कुठे घडते हे त्या आकड्यात नसतं, ते कोणीतरी वाचून डोक्यात ठेवावं लागतं.

ते जिच्या डोक्यात होतं ती काउंटरवर बसली होती, एका सुट्या झालेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याला डिंक लावत. मी माझी सगळी रामकहाणी सांगितली. तिने काय आवडतं, कोणते लेखक आवडतात असलं काही विचारलंच नाही. विचारलं, 'मागचं पुस्तक कुठे सोडलंत?' मी म्हटलं सोडलं नाही, पूर्ण केलं, पण त्याच्या आधीचं सोडलं होतं. 'का?' तर म्हटलं पानंच्या पानं निसर्गवर्णन, माणसं बोलतच नाहीत. डिंकाचा हात फडक्याला पुसला, आत गेली आणि 'रणांगण' घेऊन आली. विश्राम बेडेकरांचं. १९३९ सालची कादंबरी, बारीकशी, युरोपातून मुंबईला निघालेली बोट, महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित, आणि त्यातल्या हॅर्टाचं आणि एका मराठी माणसाचं जे काय होतं ते. 'जवळपास सगळं बोटीवरच आहे,' ती म्हणाली, 'आणि माणसं बोलतात.' पुढचं काही सांगितलं नाही. दोन रात्रींत संपलं. दुसऱ्या रात्री तर दिवा बंद करूनही झोप येईना, ते वेगळं.

म्हणजे मराठीत, सहज मिळणारं, महिन्यात काय आठवड्यात होणारं, आणि शंभर टक्के बोटीवरचं पुस्तक होतं आणि तुमच्या यादीत ते नव्हतं! इतकं गाजलेलं पुस्तक मी आधी का वाचलं नव्हतं हा प्रश्न तुम्ही मला विचारू शकता, विचारा, पण म्हणून तर मी ह्या उपक्रमात आहे ना. ज्यांना सगळं माहीत आहे त्यांना यादी लागत नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले, त्यातला चौथा फार साधा आहे, वाचकाचा वेळ वाचवा. डिंकवाल्या बाईंनी माझा वेळ चार मिनिटांत वाचवला. तुमच्या यादीने अठरा दिवस खाल्ले.

विषय निघालाच आहे तर त्याच पानावरच्या परीक्षणाबद्दलही बोलते. काल एका रहस्यकथेचं परीक्षण आलंय, त्यात दुसऱ्याच परिच्छेदात परीक्षकांनी लिहिलंय की खून डॉक्टरने केलेला असला तरी तो का केला हे वाचण्यात खरी गंमत आहे. वा. मला ती गंमत स्वतः शोधायची होती. पुस्तक घरी आणून ठेवलंय, साठ पानं झाली होती, आणि माझा संशय तोवर भाच्यावर होता. आता डॉक्टर पानावर आला की मी नुसती त्याच्या हाताकडे बघते. यादी करणारे पुस्तक वाचत नाहीत आणि परीक्षण लिहिणारे वाचलेलं सगळं ओकून टाकतात, ह्या दोघांनी आपापसात कामं बदलून घेतली तर आमचं भलं होईल.

आता पुढच्या महिन्याची थीम, 'शीर्षकात आकडा'. ही तर सोपी, मला बसल्या जागी किरण नगरकरांचं १९७४ चं 'सात सक्कं त्रेचाळीस' आठवलं, एका शीर्षकात दोन-दोन आकडे, वर हिशोबही चुकलेला. तुमच्या पाच नावांत ते नाही. असो. पण तुमच्या पाचांत पहिलं नाव बघून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तोच तीन खंडांचा ग्रंथ! आणि ह्यावेळी कारण काय, तर नावापुढे 'भाग दोन' आहे. म्हणजे भाग एक न वाचता थेट भाग दोन, आकडा आहे म्हणून. त्याच्या खालची ओळ तर मागच्या यादीतल्या त्या तिसऱ्या, गलबतवाल्या पुस्तकाचीच आहे, 'समुद्राची ओढ असणाऱ्या'पासून 'असं'पर्यंत, कॉपी-पेस्ट, एक स्वल्पविराम हललेला नाही.

ऑगस्टमध्ये 'पत्ररूप पुस्तक' अशी थीम आहे असं तुम्ही वर्षाच्या सुरुवातीच्या तक्त्यात छापलंय. त्याची यादी करायच्या आधी कृपया एखाद्या वाचनालयातल्या काउंटरवर अर्धा तास कोणाला तरी बसवा. पत्रं आत असलेली पुस्तकं हवी आहेत, मुखपृष्ठावर पाकिटाचं चित्र असलेली नकोत.

आणि नाव छापू नका. 'रणांगण' वाचलं हे जाऊबाईंना मी अजून सांगितलेलं नाही, त्यांनी त्यांचं आधी सांगावं.

आपली,
एक नियमित वाचक
(जानेवारी ते आत्तापर्यंत एकही महिना न चुकवलेली)