हिरोशिमाला जाण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सकाळी ओसाकाहून निघून रात्री परत, असा हिरोशिमाचा बेत तू कळवलास. शिन-ओसाकाहून नोझोमी बुलेट ट्रेनला दीड तासच लागतो, त्यामुळे जमेल. पण असं करू नकोस. अकराच्या सुमारास पोचणारे सगळे थेट अणुबॉम्बच्या शांतता स्मारक संग्रहालयात शिरतात, ऐन गर्दीत खांद्याला खांदा लावून पुढे सरकतात आणि जवळच्या मियाजिमा बेटाची बोट गाठायला पळतात. तू एक रात्र मुक्काम कर. पहिल्या दुपारी नुसती जमीन पायाखाली घाल, संग्रहालय दुसऱ्या सकाळी. आधी जागा कळली की आतल्या वस्तू कुणाच्या, ते कळतं.

स्टेशनवरून २ किंवा ६ नंबरची ट्राम घे आणि गेनबाकू डोम-माए थांब्यावर उतर. ट्रामचं भाडं उतरताना द्यायचं असतं. पेटीत टाकलेल्या पैशांतून सुटे परत येत नाहीत आणि मोठी नोट मोडून मिळत नाही, म्हणून इकोका या प्रवासाच्या प्रीपेड कार्डात पैसे ठेव.

समोर डोम दिसेल. १९१५ साली यान लेट्झेल या चेक वास्तुकाराच्या आराखड्यावर बांधलेलं ते औद्योगिक प्रदर्शनाचं सभागृह. अणुबॉम्ब जवळजवळ त्याच्या डोक्यावरच, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. दाब वरून खाली आला, म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. घुमटाचा तांब्याचा पत्रा वितळला आणि लोखंडी सांगाडा उरला. आत असलेल्यांपैकी कुणीही वाचलं नाही. फोटो काढून लोक इथूनच वळतात. तू पूर्वेच्या गल्लीत दोन-तीन मिनिटं पुढे जा. शिमा हॉस्पिटलबाहेर एक छोटा फलक आहे. स्फोटाचा बिंदू त्याच्या बरोबर वर. हॉस्पिटल चालू आहे, रुग्णांची ये-जा असते, तेव्हा दारात घोळका करायचा नाही. मागे येऊन आयोई पुलावर उभी राहा. इंग्रजी टी अक्षरासारखा हा पूल वरून स्पष्ट दिसतो, म्हणून विमानातून नेम त्याच्यावर धरला होता.

पूल ओलांडलास की शांतता उद्यान. हिरवळ, झाडं, मोकळी जागा पाहून वाटतं की इथे पहिल्यापासून मैदानच असावं. तसं नाही. ही नाकाजिमा नावाची गजबजलेली पेठ होती: दुकानं, सिनेमा थिएटर, देवळं, एकमेकींना चिकटलेली लाकडी घरं. उद्यान करताना त्यावर मातीची भर घातली. संग्रहालयाजवळ एका छोट्या इमारतीत ही भर उकरून खालचा रस्ता आणि घराचे अवशेष जागच्या जागी ठेवलेत. २०२२ साली उघडलेली ही जागा बरेच जण पाहतच नाहीत. तू मात्र वाकून बघ. जळून कोळसा झालेल्या फळ्या आणि तातामी चटया अजून जमिनीला धरून आहेत. कुणाच्या तरी घराची ती जमीन.

स्मृतिकमानीवरच्या ओळीचा अर्थ साधारण असा: शांत निजा, ही चूक पुन्हा होऊ देणार नाही. मूळ जपानीत कर्ता नाही. कोण होऊ देणार नाही, यावरून तिथे बरेच वाद झाले. आपल्या मराठीतही कर्ता असा गाळता येतो, म्हणून ती मोकळी जागा तुला लगेच जाणवेल.

मुलांच्या स्मारकापाशी सादाको सासाकीची गोष्ट ऐकशील. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती; १९५५ साली बाराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. आजारात, बरं व्हावं म्हणून ती कागदाच्या घड्यांचे क्रौंच पक्षी करायची. हजार पक्षी पुरे व्हायच्या आधीच ती गेली, हा गोष्टीतला बदल. प्रत्यक्षात हजार तिने पूर्ण केले होते आणि पुढेही करत राहिली. तू घडी घालून पक्षी नेणार असशील तर दोऱ्यात ओवून ने. मागच्या काचेच्या खणांत ते टांगता येतात. तिथून कोरियन बळींच्या स्मारकाकडे जा. कासवाच्या पाठीवर उभा असलेला हा खांब १९९९ पर्यंत उद्यानाच्या बाहेर होता. मोतोयासू नदीकाठी, डोमजवळ, गांधीजींचा कांस्य अर्धपुतळा आहे, तोही बघ. २०२३ साली बसवला. शिल्पकार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार.

संग्रहालय सकाळी साडेसातला उघडतं. तिकीट २०० येन, पण पहिल्या तासासाठी ऑनलाइन आरक्षण लागतं. ते आजच कर. अडीच तास हाताशी ठेव. सुरुवातीच्या दालनातल्या शहराच्या मॉडेलपाशी रेंगाळू नकोस, मुख्य इमारत पुढे आहे. तिथे एक डबा आहे. अॅल्युमिनियमचा, वेडावाकडा झालेला, आत काळा कोळसा. तेरा वर्षांच्या मुलाचा, आईने भरून दिलेला. त्याला तो उघडायलाही मिळाला नाही. आईला त्याच्या देहाखाली सापडला.

त्या वयाची मुलं तिथे का होती, हे समजून घे. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करत होते आणि त्या कामाला शाळकरी मुलांना जुंपलं होतं. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ७.०९ ला भोंगा झाला, ७.३१ ला धोका टळल्याचा इशारा आला, माणसं बाहेर पडली, मुलं कामाला लागली. ८.१५ ला बॉम्ब. मुलं उघड्यावर होती. कामावरच्या मुलांपैकी सुमारे सहा हजार गेली. वर्षअखेरीस शहरातल्या मृतांचा आकडा सुमारे १,४०,००० धरतात.

मुख्य इमारत संपली की बहुतेकांचा धीर संपतो आणि ते बाहेर पडतात. तू पाच मिनिटं खिडकीपाशी बस, पाणी पी आणि पुढची दालनंही बघ. हिरोशिमा लष्कराचं मोठं ठाणं होतं, उजिना बंदरातून सैन्य परदेशी जायचं, हे तिथे कळतं. ते वगळलंस तर अर्धंच कळेल. हल्ल्यातून वाचून साक्ष सांगणाऱ्यांकडून त्यांच्या आठवणी शिकलेले वारसदार इंग्रजीतही बोलतात. त्या दिवसाची वेळ दारात विचार. हिरोशिमा आणि नागासाकी मिळून वाचलेल्यांची संख्या मार्च २०२५ मध्ये एक लाखाच्या खाली आली, सरासरी वय ८६. प्रत्यक्ष त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळालं तर बाकी सगळं बाजूला ठेव.

बाहेर आओगिरीची झाडं आहेत. स्फोटकेंद्रापासून १.३ किलोमीटरवर भाजली, पुढच्या वसंतात फुटली, १९७३ साली इथे आणून लावली. खोडाची एक बाजू पोकळ आहे आणि साल कडांवरून आत वळलेली. झाडाभोवती फिरलीस तरच ते दिसतं.

जेवणाचं सांगते. हिरोशिमाचं ओकोनोमियाकी म्हणजे तव्यावर पातळ घावन, त्यावर ढीगभर कोबी, मोड, डुकराचे काप, नूडल्स, अंडं. मांस नको म्हटलंस तरी घावनावर पहिल्यांदाच माशाची भुकटी पडते आणि सॉसमध्येही मांसाचा अर्क असू शकतो. तवा तापायच्या आधीच बोल, नंतर काढता येत नाही.

मग पायी फुकुरोमाची शाळेच्या छोट्या संग्रहालयात जा. तिकीट नाही. स्फोटकेंद्रापासून ४६० मीटरवरची ही शाळा नंतर जखमींसाठी वापरली. काजळीने काळ्या झालेल्या भिंतींवर लोकांनी खडूने लिहिलं: कोण कुठे आहे, कोण कुणाला शोधतंय. पुढे त्यावर गिलावा झाला आणि कित्येक वर्षांनी इमारतीचं काम निघालं तेव्हा अक्षरं खालून वर आली. तिथे घाईने जाऊ नकोस, एकेक ओळ कुणाकडून तरी समजून घे. परतीची गाडी संध्याकाळचीच काढ.

तुझी,
आई