बेलभंडाऱ्यातला भंडारा हळदीचाच हवा

महोदय,

गेल्या वैशाखात मुलाचे लग्न झाले आणि कुलाचाराप्रमाणे नव्या जोडप्याला घेऊन आम्ही जेजुरीच्या खंडोबाला गेलो. मुलगा सूनबाईंना उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढला, वाटेत बानाईच्या देवळात ओटी भरली आणि वर पोहोचल्यावर देवळासमोरच्या पितळी कासवावर आम्ही तळी उचलली. ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणताना सगळ्यांच्या अंगावर भंडारा पडला. तो पायथ्याच्या एका दुकानातून आयत्या वेळी विकत घेतलेला होता, कारण घरी दळलेल्या हळदीची पिशवी घाईत घरीच राहिली होती. परतीच्या गाडीत सूनबाईंचे डोळे लाल होऊन चुरचुरू लागले आणि रात्री मानेवर पुरळ उठले. डोळ्यांत भुकटीचे कण गेल्याचे डॉक्टरांनी सांगितले व थेंब दिले. चार दिवसांत त्यांना बरे वाटले.

मला हे पत्र लिहायला लावले ते मात्र दुसऱ्या दिवशीच्या धुण्याने. मुलाच्या उपरण्यावरचे पिवळे डाग धुवायला घेतले, साबण चोळला, तरी डाग पिवळेच राहिले. माझ्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, साबण लागून जी लाल होत नाही ती हळद नव्हेच.” हळदीच्या डागावर साबण घातला की तो लालसर होतो आणि नंतर उन्हात विटून निघून जातो, हे घराघरांतल्या बायकांना ठाऊक आहे, हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणामुळे. आमचे उपरणे मात्र आठवडाभर दोरीवर उन्हात होते, तरी आजही पिवळेधमक आहे. पिशवीत उरलेली भुकटी पाण्यात टाकून पाहिली, तर खाली पांढुरका गाळ बसला आणि वरचे पाणी रंगपंचमीच्या बादलीसारखे झाले. मग पुडीवर बारीक अक्षरांत छापलेले ‘खाण्यासाठी नाही’ हे शब्द दिसले.

खाण्यासाठी नाही, असे लिहिले की विकणाऱ्याची जबाबदारी संपते का? भंडारा ही केवळ उधळण्याची वस्तू नाही. तो कपाळी लावतात, प्रसाद म्हणून चिमूटभर तोंडात टाकतात, वाघ्या तो तान्ह्या बाळाच्या कपाळालाही लावतो. हळदीत भेसळीसाठी वापरल्या जाणाऱ्या मेटॅनिल यलोसारख्या कृत्रिम पिवळ्या रंगाला आपल्या देशात खाद्यपदार्थांत परवानगी नाही. मग प्रसाद म्हणून पोटात जाणाऱ्या भुकटीची तपासणी मसाल्याच्या हळदीइतकीच काटेकोर का असू नये? आणि आपल्याकडे खरे बोलण्याची शपथ घ्यायची तर बेलभंडारा उचलतात. तो भंडाराच खोटा असावा, याचे मला मनापासून दुःख होते.

उधळणच बंद करावी, असे काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. सोमवती अमावास्येला देवाची पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघते तेव्हा समोरचा माणूस दिसेनासा होईल इतका भंडारा उडतो, आणि त्या क्षणी धनगर, शेतकरी, ब्राह्मण, रामोशी सगळे एकाच रंगाचे होतात. सोन्याची जेजुरी म्हणतात ती यासाठीच. पण होळकरांच्या काळापासून उभ्या असलेल्या काळ्या पाषाणाच्या ओवऱ्यांवर आणि दीपमाळांवर बसणारे हे सोने हळदीचे असावे. न विटणाऱ्या रंगाचे थर त्या दगडावर वर्षानुवर्षे साचत जाणे त्याच्याही हिताचे नाही.

महाराष्ट्राला हळदीची वाण नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला त्याआधीच मिळाले होते. पुरंदर तालुक्यातल्या बचतगटांनी हळकुंडे आणून तिथेच दळली आणि देवस्थानाने त्यांना गडाच्या पायथ्याशी जागा दिली, तर भाविकांना खात्रीचा भंडारा मिळेल व चार घरांना काम मिळेल. अन्न व औषध प्रशासनाने सोमवती आणि चंपाषष्ठीच्या आधी दुकानांतून नमुने घ्यावेत, प्रत्येक पुडीवर आत काय आहे ते ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे. लहान दुकानदारांवर सगळा दोष ढकलू नये, त्यांना माल पुरवणाऱ्यांपर्यंत पोहोचावे. शुद्ध हळद महाग पडेल, हे खरे आहे. मग पोत्याऐवजी मूठभर उधळावी; तळीत सुपारी-खोबऱ्यासोबत भंडारा लागतो तो तरी किती!

चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य घेऊन आम्ही पुन्हा गडावर जाणार आहोत. सासूबाईंनी त्यासाठी दोन किलो हळकुंडे आतापासूनच निवडून ठेवली आहेत, आणि या वेळी ती पिशवी सूनबाई स्वतःच्या हातात धरून नेणार आहेत. ज्या वाचकांच्या घरी खंडोबाचे टाक आहेत, त्यांनीही भंडारा घरूनच दळून न्यावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, बारामती