काकू, सरांच्या स्मृतिपुरस्काराबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

‘आमची नावं कुठे छापू नकोस,’ असं तुम्ही बजावलंत, म्हणून या जाहीर पत्रात तुमचं नाव नाही आणि सरांचंही नाही. सह्याद्रीत हातोडा घेऊन फिरलेली माणसं ओळखतीलच.

सर गेल्यावर तुम्ही त्यांच्या नावाने भूवैज्ञानिक नकाशा करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी पुरस्कार ठेवलात. यंदा तो मला मिळाला, म्हणून माझा नकाशा पुरा झाला. हे मला चारचौघांत सांगायचं आहे.

आमच्या विषयात दगडाच्या रासायनिक पृथक्करणासाठी पैसे मिळतात. तो दगड ज्या कड्यातून आणायचा, तिथवर चालत जाण्यासाठी मिळवणं फार कठीण. दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा कातळ, सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. ‘कळसूबाई उपगट’ नावाच्या थरसमूहात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर अशी त्याच्या थरांची क्रमवारी 1980च्या दशकात नीट लागली, ती घाटाघाटांतून पायी फिरून घेतलेल्या नमुन्यांच्या जोरावर. पण एका घाटातला थर पुढच्या दरीत कुठल्या उंचीवर जातो, हे अजून पुष्कळ ठिकाणी कुणीतरी जाऊन पाहायचं बाकी आहे. लाव्हाचे प्रवाह वरवर सारखेच दिसतात. त्यातल्या त्यात बोटाच्या पेराएवढे प्लॅजिओक्लेज या खनिजाचे स्फटिक असलेला प्रवाह सापडला, की जीव भांड्यात पडतो. तो खुणेचा थर. तो धरून डोंगराच्या कडेकडेने सरकायचं, जिथे तुटेल तिथे खाली उतरून पुन्हा शोधायचं. पावसाळ्यात जाता येत नाही, दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं, खडक उघडा पडतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या थोड्या महिन्यांत जीप, मुक्काम, जेवण हे सगळं हाताशी लागतं.

तुमच्या अर्जात खर्चाचा एक रकाना होता: ‘वाटाड्याचा रोज’. असा रकाना मी दुसऱ्या कुठल्याच अर्जात पाहिलेला नाही. ज्याने आयुष्यभर फील्ड केलं त्याच्या घरच्यांनाच हे सुचू शकतं. एकट्या मुलीने कड्याकपारीत फिरायचं, तर सोबतीला वाटा जाणणारा माणूस हवाच, आणि त्याला आपण फुकट राबवून घेता कामा नये.

माझ्यासोबत आलेल्या मामांना डोंगरातले झरे तोंडपाठ. कुठला होळीपर्यंत टिकतो, कुठला वैशाखातही आटत नाही, हे ते चालता चालता सांगत. मी ते नकाशावर टिपत गेले. मग दिसलं, की टिकणारे बरेचसे झरे लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या सीमेलगत आहेत. वरच्या प्रवाहाच्या भेगांतून पाणी झिरपत येतं, खाली तांबडा मातकट थर किंवा घट्ट कातळ लागला की अडतं आणि उतारावर बाहेर पडतं. पाठ्यपुस्तकातली ही गोष्ट मामांच्या गावाला फार उपयोगाची आहे, कारण तिथे मार्चनंतर हंडे घेऊन लांब जावं लागतं. म्हणून झऱ्यांचा वेगळा नकाशा मराठीत करून ग्रामपंचायतीला दिला. तो प्रबंधात मोजला जाणार नाही. तुमच्या पुरस्काराने त्यालाही वेळ दिला.

आणखी एका गोष्टीचे आभार. तुम्ही शोधनिबंध मागितला नाहीत, पुरा केलेला नकाशा मागितलात. त्यामुळे जिथे खडक मातीखाली झाकलेला होता तिथे मी सीमारेषा तुटक काढली, ती सलग ओढून मोकळं होण्याची घाई केली नाही. सर विद्यार्थ्यांचे नकाशे तपासताना आधी तुटक रेषाच पाहत, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात.

नकाशाची एक प्रत कुरिअरने पाठवली आहे. पुढच्या वर्षी ज्याला किंवा जिला पुरस्कार मिळेल, त्यांना माझ्या फील्डच्या वह्या, मुक्कामाची ठिकाणं आणि मामांची ओळख, सगळं द्यायला मी तयार आहे. त्यांना माझा पत्ता जरूर द्या.

तुमची,
एक संशोधक विद्यार्थिनी
पुणे