ट्रकखाली जाळ कशाला घालता, हीटर बसवा की

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्याकडं पारा 13 वर आला की पेपरात "कोल्हापूर गारठलं" छापून येतं, आणि त्यात चूक काही नाही, पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्याला 13 पण लई वाटतं. पण त्याच दिवसांत आपल्या कोल्हापूरच्या एमएच 09 च्या गाड्या पार लडाखात द्रास-कारगिलकडं उणे 15, उणे 20 मध्ये उभ्या असतात आणि तिथं सकाळी इंजिन चालू व्हावं म्हणून ड्रायव्हर डिझेलच्या टाकीखाली लाकडं पेटवतो, हे इथं कुणाच्या गावीही नसतं. मोबाईलवर ते व्हिडिओ येतात, लोक "काय जुगाड आहे" म्हणून हसतात आणि पुढं पाठवतात. मी उद्यमनगरात डिझेलच्या गाड्यांचं काम करतो, मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. थंडीत इंजिन गरम करायचा डिझेलवर चालणारा हीटर जगात कधीपासून मिळतोय, गाडी तिकडं पाठवायची असेल तर मालकानं तो आधी बसवून द्यावा, एवढंच सांगायला हे पत्र.

आता कुणी म्हणेल कोल्हापूरच्या गाडीचा लडाखशी काय संबंध. ट्रक एकदा दिल्लीपर्यंत गेला की रिटर्न लोड मिळेल तिकडं वळतो. दिल्लीत जम्मूचं भाडं मिळतं, जम्मूत श्रीनगरचं, आणि सफरचंद भरून खाली उतरायचं ठरलेलं असताना कुणीतरी कारगिलचं भाडं दाखवतो, पैसे चांगले असतात, फोनवर मालक "जा" म्हणतो. पूर्वी बर्फ पडला की सोनमर्ग-द्रासमधला झोजिला घाट बंद म्हंजे बंद, विषय संपला. आता सोनमर्गचा बोगदा 2025 च्या जानेवारीत सुरू झाला, झोजिलाच्या बोगद्याचं काम चालू आहे, म्हंजे पुढं ऐन हिवाळ्यात पण गाड्या वर चढणार, आपल्या पण चढणार.

तिथं नेमकं होतं काय ते सांगतो, कारण "डिझेल गोठलं" एवढंच सगळे बोलतात. डिझेलात मुळातच मेण असतं, पॅराफिन. थंडी वाढली की त्याचे बारीक कण धरायला लागतात, आधी डिझेल ढगाळ दिसतं, मग ते कण फिल्टरच्या कागदावर जाऊन बसतात आणि फिल्टर चोक. टाकीत डिझेल अजून हलत असतं तरी पंपाला पोचत नाही. आपल्या देशाच्या मानकात फिल्टर तुंबायची मर्यादा उन्हाळ्याच्या डिझेलला 18 डिग्री आणि हिवाळ्याच्या डिझेलला 6 डिग्री आहे, उणे 6 नाही, नुसतं 6. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 च्या नोव्हेंबरात खास विंटर ग्रेड डिझेल काढलं, पानिपतच्या रिफायनरीतलं, ते उणे 33 पर्यंत वाहतं. पण आपला ड्रायव्हर काय करतो, खाली मैदानात स्वस्त मिळालं म्हणून टाकी तोंडापर्यंत भरून घेतो आणि तेच साधं डिझेल घेऊन घाट चढतो, त्याला तरी कोण सांगणार.

बरं डिझेल चांगलं भरलं तरी भागत नाही. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, हवा सोळा-अठरा पट दाबली की ती 500 डिग्रीच्या वर तापते आणि त्यात नोझलनं डिझेल मारलं की पेटतं, सगळा खेळ त्या गरम हवेचा. आता हवाच उणे 20 ची, ब्लॉक बर्फागत गार, लायनर-पिस्टन सगळं गार, ते ती उष्णता पिऊन टाकतात. त्यात इंजिन ऑइल घट्ट, आपल्याकडं सर्रास 15डब्ल्यू-40 ग्रेडचं असतं ते तिथं काकवीसारखं होतं, आणि बॅटरी तेवढ्या थंडीत निम्म्यावर येते. म्हंजे फिरवायला जोर जास्त लागतो आणि जोर देणारी निम्मी झालेली. सेल्फ मारला की इंजिन घूं... घूं... करत हळू फिरतं, हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगातून निसटते, धूर येतो पांढरा, पेटत काही नाही. अजून चार-पाच सेल्फ मारले की बॅटरी झोपली. मग जाळ.

आपल्याकडं "जाळ अन् धूर संगटच" म्हणायला मजा वाटते, पण टाकीखाली खरा जाळ घालणं म्हंजे काय ते एकदा गाडीखाली शिरून बघा. आताच्या बीएस-6, म्हंजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या गाडीला चेसिसच्या कडेनं एअर ब्रेकच्या नायलॉनच्या नळ्या गेलेल्या असतात, वायरिंगचे हार्नेस, सेन्सर, धूर साफ करायला लागणाऱ्या ॲडब्लू द्रवाची टाकी प्लास्टिकची. ऑइलच्या चेंबरखाली शेगडी ठेवली तर वर जमलेली ग्रीस आणि गळलेलं ऑइल आधी पेट घेतं. नायलॉनची नळी वितळून फुटली तर निदान कळतं तरी, नुसती मऊ होऊन फुगली आणि पुढं उतारावर फुटली तर? लोखंडी टाकीच्या जुन्या गाड्यांना हे चालून गेलं म्हणून आता पण चालेल असं नाही.

दुसरा उद्योग रॉकेल मिसळायचा. मेण पातळ होतं हे खरं, पण कॉमन रेलच्या, म्हंजे आताच्या इंजिनात जास्त दाबानं डिझेल देणाऱ्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, रॉकेलनं ते जातं आणि पंप घासतो, मग बिल बघून मालक आमच्या अंगावर येतात. तिसरा उद्योग चटकन पेटणाऱ्या इथरचा स्प्रे इनटेकमध्ये, म्हंजे इंजिनात हवा जायच्या वाटेत मारायचा. ज्या इंजिनला इनटेक हीटर किंवा ग्लो प्लग (चालू करताना आत तापणारी तार) आहे तिथं तो स्प्रे तापलेल्या तारेवर गेला की आत भडका उडतो, इनटेक फाटतो, रिंगा मोडतात. असल्या गाडीत तो स्प्रे मारू नका, एवढंच सांगतो.

आणि हे काहीच नको म्हणून रात्रभर इंजिन चालू ठेवणारे सगळ्यात जास्त. मोठा ट्रक नुसता उभा राहून तासाला दोन-तीन लिटर पितो, आठ तासांचे वीस लिटर धरा, 90 रुपयांच्या हिशोबानं रात्रीचे 1800 रुपये धुरात. वर बीएस-6 गाडीत एवढा वेळ आयडलवर ठेवलं की डीपीएफ, म्हंजे सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर, काजळीनं भरतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी पिकअप सोडते, ते पण अशा ठिकाणी जिथं सर्व्हिस सेंटर शेकडो किलोमीटरवर.

आता हीटर. ज्यांच्या घरी विहिरीवर ऑइल इंजिन होतं त्यांना हे लगेच कळेल, थंडीत पहाटे हँडल मारून इंजिन धरत नसलं की म्हातारी माणसं इंजिनच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये कढत पाणी ओतायची आणि मग डिकॉम्प्रेशनची (आतला दाब मोकळा करणारी) खिट्टी सोडली की ते धडधडायचं. हा हीटर तेच करतो, फक्त पाणी स्वतः तापवून फिरवतो. जेमतेम चपलांच्या खोक्याएवढा डबा असतो, इंजिनच्या बाजूला चेसिसवर बसतो, कूलंटच्या, म्हंजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याच्या होजमध्ये जोडतात आणि टाकीतून त्याला वेगळी बारीक नळी येते. बटण दाबलं की आधी फॅनचा आवाज येतो, मग आतली ग्लो पिन लाल होते, छोटा पंप टिक्-टिक् करत थेंब-थेंब डिझेल टाकायला लागतो, सायलेन्सरच्या बोटभर नळीतून जरासा पांढरा धूर येतो आणि मग आत ज्योत धरली की स्टोव्हसारखा घरघर आवाज लागतो, धूर बंद. त्या ज्योतीवर कूलंट तापतं आणि त्याचाच छोटा पंप ते ब्लॉकमधनं, हेडमधनं फिरवतो. अर्ध्या-पाऊण तासानं होजला हात लावून बघा, गरम लागतो. मग सेल्फ मारा, इंजिन आपल्या उचगावच्या फाट्यावर चालू होतं तसं चालू होतं. पाच किलोवॅटचा हीटर तासाला साधारण अर्धा-पाऊण लिटर डिझेल घेतो, आणि तो तासभरच लावायचा असतो. वर सांगितलेल्या वीस लिटरशी तुम्हीच ताडून बघा.

कॅनडाकडं पार्किंगमध्ये खांबाला सॉकेट असतात, तिथं इंजिनच्या ब्लॉकमधला विजेचा हीटर रात्री प्लगला लावून झोपतात. ते इथं नाही चालणार, द्रासला रस्त्याकडेला कोण प्लग देणार? म्हणून डिझेलवरचाच पाहिजे. जर्मनीच्या वेबास्टो आणि एबरस्पेशर ह्या दोन कंपन्या त्यातल्या जुन्या, युरोप-रशियात ट्रकला हे सर्रास असतं.

दुसरा प्रकार नुसती हवा तापवणारा, तो केबिनसाठी, दोन किलोवॅटचा, तासाला फार तर पाव लिटर डिझेल. मला विचाराल तर इंजिनपेक्षा हा आधी बसवावा. कारण इंजिन बंद केलं की गाडीचा स्वतःचा हीटर बंद, मग ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्ये कोळशाची शेगडी नाहीतर गॅसची छोटी टाकी घेऊन काचा लावून झोपतात. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, झोपेतच माणूस जातो, उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या असतात, तुमच्याच पेपरात आतल्या पानावर चार ओळीत येतात. हीटरमध्ये जाळ बंद डब्यात असतो, त्याला हवा बाहेरून आणि धूर बाहेर, केबिनमध्ये येते ती फक्त तापलेली हवा. अर्थात धुराची नळी नीट बाहेर काढली असेल तरच, ती फुटकी किंवा केबिनखाली सोडलेली असेल तर शेगडी आणि हीटर सारखेच.

हीटर बसवला म्हणजे झालं असं पण नाही, आणि दुकानदार हे सांगत नाहीत. तो डिझेल टाकीतूनच घेतो, टाकीतच मेण झालं असेल तर हीटर पण उपाशी, म्हणून वर चढायच्या आत विंटर डिझेल पाहिजेच. बॅटरी मेलेली असेल तर ग्लो पिन लाल होणार नाही, चालू होताना तोच जास्त करंट ओढतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथं हवा विरळ, ज्योतीला हवा कमी पडते आणि आत काजळी बसते, त्यामुळे उंचीवर चालणारं मॉडेल किंवा त्याचं किट बघून घ्या, नाहीतर स्वस्तातला डबा पहिल्याच आठवड्यात काळाठिक्कर होऊन बसतो. उन्हाळ्यात पण महिन्यातून एकदा दहा मिनिटं लावायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद केल्यावर फॅन अजून दोन-चार मिनिटं फिरतो, आतली उष्णता बाहेर टाकायला, तेवढ्यात आमचे ड्रायव्हर सवयीनं बॅटरीचा कट-ऑफ स्विच फिरवून मोकळे होतात, फॅन थांबतो आणि आतलं सगळं भाजून निघतं. टँकरवाल्यांनी तर भरताना-उतरवताना हीटर बंदच ठेवायचा, त्यांचे नियम वेगळे, ते विचारूनच बसवा.

सरकारनं 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केला, चांगलं केलं, ड्रायव्हर माणूस आहे हे उशिरा का होईना लक्षात आलं. पण तो विचार उन्हाळ्यापुरताच झाला. लडाख, काश्मीर, लाहौल-स्पितीला नोव्हेंबर ते मार्च जाणाऱ्या गाडीला इंजिन आणि केबिनचा हीटर असलाच पाहिजे असं का होऊ नये? कारगिलकडची गाडी सोनमर्गलाच तपासा आणि नसेल तर पुढं सोडू नका. नियम येईल तेव्हा येईल, तोवर आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी निदान दोन-चार हीटर घेऊन ठेवावेत आणि उत्तरेकडं निघणाऱ्या गाडीला भाड्यानं लावावेत, बसवायला एक दिवस पुरतो, उद्यमनगरात, शिरोलीत हे काम करणारी पोरं आहेत. आणि ह्याचे पैसे ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापायचे नाहीत, स्टेपनीचे कापतो का आपण? हे मुद्दाम लिहितोय कारण असं झालेलं मी बघितलंय, गाडीमालकाचं नाव लिहीत नाही.

तुमच्या पेपरात वाहतुकीच्या बातम्या बघणाऱ्यांनी एकदा तावडे हॉटेलजवळ थांबणाऱ्या ड्रायव्हर लोकांना विचारावं की वर गेल्यावर रात्र कशी काढता, आणि जे सांगतील ते पहिल्या पानावर छापावं, गारठलेल्या कोल्हापूरच्या शेजारी जागा असते.

कळावे,
एक डिझेल मेकॅनिक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर