प्रश्नमंजूषेचे गुण उघड्यावर मांडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन प्रश्नमंजूषांची निवेदने आपल्या अंकात अधूनमधून येतात. विषय कोणता, फेऱ्या किती, नोंदणी कुठे करायची, सगळे त्यात असते. गुण कसे दिले जाणार आणि ते कोण लिहिणार, याबद्दल मात्र एक ओळही नसते. भाग घेणाऱ्यालाही ते आधी विचारावेसे वाटत नाही. निकाल लागला की वाद होतो, तो बहुधा याच दोन गोष्टींवरून.

मी पेशाने हिशेब तपासनीस. आमच्या ओळखीपाळखीच्या लोकांची व्हिडिओ कॉलवर प्रश्नमंजूषा चालते, तिथे मी प्रश्न विचारत नाही आणि खेळतही नाही. मी गुण लिहिते. या कामाला कोणी फारसे मोजत नाही. पण प्रश्न विचारणारा आणि गुण लिहिणारा ही दोन वेगळी माणसे असलीच पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. जो पैसे देतो त्यानेच वही लिहू नये, हे आमच्या पेशात पहिल्या दिवशी शिकवतात. इथेही तेच लागू आहे.

प्रश्नकर्त्याकडे त्या तासाभरात काय काय असते ते पाहा. प्रश्न वाचायचा, स्क्रीन शेअर करायची, वेळ लावायची, कोणाचा माइक चालू राहिला ते पाहायचे, कोण कॉलमधून बाहेर फेकला गेला त्याला पुन्हा आत घ्यायचे. एवढ्यात आठ संघांची उत्तरे खासगी चॅटमध्ये येऊन पडतात. ती वाचून गुणही त्यानेच मांडायचे म्हटले, की दोन प्रश्नांचे गुण मागाहून आठवून भरले जातात. त्याहून मोठी अडचण अशी की प्रश्न त्यानेच काढलेला असतो. त्याच्या डोक्यात उत्तराचे एकच रूप पक्के बसलेले असते. कोणी तेच उत्तर वेगळ्या वाटेने दिले, तर त्याला ते चूकच वाटते. यात अप्रामाणिकपणा नाही. त्या जागेवर बसलेल्या कोणाचेही तेच होईल.

एक प्रसंग सांगते. प्रश्न होता : १९०३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कोणाकोणाला मिळाले? नावे तीन, आंरी बेकरेल, पिएर क्युरी आणि मारी क्युरी. प्रत्येक बरोबर नावाला पाच गुण, हे आधीच जाहीर केलेले. एका संघाचे उत्तर आले, ‘बेकरेल आणि क्युरी’. दुसऱ्याचे आले, ‘बेकरेल, क्युरी पती-पत्नी’. दुसऱ्या संघाचा प्रश्नच नव्हता. त्या शब्दांत दोन्ही माणसे निःसंशय ओळखू येतात, त्यांचे पंधरा. पण पहिल्या संघाचे काय? नुसत्या ‘क्युरी’चे पाच, दहा, की काहीच नाही? प्रश्नकर्ता उत्तर जाहीर करायच्या बेतात होता. मी त्याला थांबायला सांगितले आणि त्या संघाला चॅटमध्ये फक्त एवढे लिहिले, ‘नाव पूर्ण करा.’ क्युरी दोन आहेत असे मी सुचवले नाही, ‘कोणते क्युरी’ असेही विचारले नाही, कारण त्या प्रश्नातच इशारा असतो. त्यांनी ‘मारी क्युरी’ लिहिले, त्यांना दहा मिळाले, आणि फेरी पुढे गेली. कोणी हरकत घेतली नाही. उत्तर एकदा जाहीर झाले असते, तर ‘आम्हाला दोघेही म्हणायचे होते’ या वाक्याला कोणाकडेच उत्तर नव्हते. संघाचे अर्धवट उत्तर, बरोबर उत्तर जाहीर होण्याआधी कोणीतरी वाचलेले असावे लागते, आणि ते प्रश्न वाचणाऱ्याला जमत नाही.

आता वेगाबद्दल. बऱ्याच आयोजकांनी गुणांचे काम ॲपवर सोपवले आहे. ॲप बेरीज चुकत नाही, हे खरे. पण बेरीज कशाची करायची हे कोणीतरी ठरवलेले असते. ‘कहूट’ या प्रश्नमंजूषेच्या ॲपची नेहमीची पद्धत घ्या. उत्तराला लागलेल्या वेळाला दिलेल्या वेळाने भागायचे, त्याचे निम्मे करून एकातून वजा करायचे आणि हजाराने गुणायचे. वीस सेकंदांच्या प्रश्नाला दहाव्या सेकंदाला बरोबर उत्तर दिले तर ७५० गुण, अगदी शेवटच्या क्षणी दिले तर ५००. समजा असे वीस प्रश्न आहेत. एक संघ वीसच्या वीस बरोबर देतो, पण प्रत्येक उत्तर सोळाव्या सेकंदाला. त्याला प्रत्येकी ६००, एकूण १२,०००. दुसरा संघ सहा प्रश्न चुकतो, पण बाकीचे चौदा तिसऱ्या सेकंदाला देतो. त्याला प्रत्येकी ९२५, एकूण १२,९५०. सहा चुका करणारा संघ जिंकला. वर्गात मुलांना जागे ठेवायला ही पद्धत उत्तम आहे आणि त्या खेळात मजाही येते. पण ज्ञानाची स्पर्धा म्हणून जाहिरात करायची आणि मोजमाप मात्र बोटाच्या चपळाईचे करायचे, हे मला पटत नाही. निदान भाग घेणाऱ्याला आधी सांगा, म्हणजे तो त्या तयारीने बसेल.

तेही बोटाच्या चपळाईचे म्हणावे तर पूर्ण तसे नाही, इंटरनेट जोडणीतला विलंबही आड येतो. संभाषण सुरळीत वाटण्यासाठी एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ ही शिफारस सांगते. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत इंटरनेट घेणाऱ्याचा सिग्नल वर जाऊन खाली यायलाच जवळजवळ पाव सेकंद लागतो. प्रश्न येणार आणि उत्तर जाणार, म्हणजे अर्धा सेकंद. माणसाला दिसलेल्या खुणेवर बटण दाबायला साधारण पाव सेकंद पुरतो. म्हणजे बझरच्या फेरीत ज्या फरकावर निकाल लागतो, त्याच्यापेक्षा जोडणीतला फरक मोठा असू शकतो. समोरासमोर बसून बझर खेळावा, जरूर खेळावा. व्हिडिओ कॉलवर ‘आधी कोण बोलले’ हा वाद सोडवताच येत नाही, कारण प्रत्येकाच्या कानाला क्रम वेगळा ऐकू येतो. चॅट पाहावे तर व्हॉट्सॲपवर संदेशाची वेळ तास आणि मिनिटांपर्यंतच दिसते.

म्हणून आम्ही सगळ्यांनी लिहायचे, ही पद्धत ठेवली. प्रश्न दोनदा वाचायचा, पहिल्या वाचनानंतर तो मजकूर म्हणून चॅटमध्ये टाकायचा, म्हणजे ज्याचा आवाज तुटतो किंवा ज्याला कमी ऐकू येते त्यालाही तो पोहोचतो. दुसरे वाचन संपले की तीस सेकंद. उशिरा आलेल्या उत्तरासाठी पाच सेकंदांची सवलत, ती सगळ्यांना. यात ‘बाउन्स’मधला एक जुना अन्यायही आपोआप जातो. प्रश्न एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो, तेव्हा कच्च्या संघाच्या पुढे बसलेल्याला आयते प्रश्न मिळतात. निम्म्या प्रश्नांनंतर दिशा उलटी केली तरी तो पुरता जात नाही.

‘पाउन्स’, म्हणजे चुकल्यास गुण जातील हे पत्करून उत्तर देण्याची उडी, मात्र आम्ही ठेवला आहे, कारण त्यात धाडसाला किंमत आहे. तिथे गुणांचा नियम आधी सांगणे फारच महत्त्वाचे. बरोबरला अधिक दहा आणि चुकीला वजा पाच असतील, तर एक तृतीयांशाहून जास्त खात्री असली की उडी घेणे फायद्याचे. चुकीला वजा दहा असतील, तर निम्म्याहून जास्त खात्री लागते. संघाचा निर्णय या आकड्यावर अवलंबून असतो. फेरी सुरू झाल्यावर ‘बरं का, चुकलात तर दहा जातील’ असे सांगणाऱ्या आयोजकाने खेळ मध्येच बदललेला असतो.

फॉर्ममधून आपोआप तपासणी करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मराठीत उत्तरे मागता, तर ती माणसाने तपासा. यंत्र अक्षरे जुळतात का एवढेच पाहते. ‘क्युरी’ आणि ‘क्यूरी’ त्याला दोन वेगळी उत्तरे. ‘1911’ असे इंग्रजी आकड्यांत लिहिले आणि उत्तरसूचीत ‘१९११’ असेल तर चूक. याहून वाईट म्हणजे ‘वाऱ्यामुळे’ हा शब्द. त्यातला ‘ऱ्य’ दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते निराळे असतात. खेळणाऱ्याला शून्य दिसते, तो स्वतःचे उत्तर आणि दिलेले उत्तर शेजारी ठेवून पाहतो, दोन्ही हुबेहूब सारखी, आणि दाद कुठे मागायची ते त्याला कळत नाही. एका स्पर्धेत माझ्या ओळखीच्या एका मुलीचे असे झाले. आयोजकांनी ‘सिस्टीमचा निर्णय अंतिम’ एवढेच उत्तर पाठवले. ती पुन्हा कुठल्या स्पर्धेत उतरली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

गुणपत्रकाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माझा जीव त्यात आहे. प्रत्येक प्रश्नाला एक ओळ, प्रत्येक संघाला एक स्तंभ. घरात आकडा लिहायचा : अधिक दहा, वजा पाच किंवा शून्य. रिकामे घर आणि शून्य यांत फरक ठेवायचाच. शून्य म्हणजे उत्तर पाहिले आणि गुण दिले नाहीत. रिकामे म्हणजे अजून पाहायचे आहे. फेरी संपताना एकही रिकामे घर उरता कामा नये. बेरीज हाताने कधीच लिहायची नाही, ती सूत्रानेच यायला हवी. बेरजेची घरे कुलूपबंद, म्हणजे चुकून कोणाचे बोट पडून सूत्र पुसले जात नाही. शेवटचा स्तंभ ‘शेरा’. हरकत कोणी घेतली, काय निर्णय झाला, का झाला, हे तिथे दोन-चार शब्दांत. शीटची लिंक सगळ्या संघांना पहिल्या प्रश्नाआधीच द्यायची, फक्त पाहण्याची परवानगी देऊन. आपल्या स्तंभात काय पडते आहे ते त्यांना जागच्या जागी दिसते. आधीचा आकडा बदलला तर गुगल शीट्सच्या आवृत्ती इतिहासात तो केव्हा बदलला हेही राहते. हरकतीची मुदत पुढच्या फेरीचा पहिला प्रश्न वाचेपर्यंत, त्यानंतर नाही. ही मुदत नसेल तर शेवटी हरलेला संघ पहिल्या फेरीतले प्रश्न उकरून काढतो, आणि तोवर कोणालाच नीट आठवत नसते.

प्रश्नसंच करणाऱ्याने प्रत्येक उत्तराशेजारी तारीख लिहावी, ही आणखी एक सवय मी आग्रहाने लावून घेतली आहे. सर्वांत जास्त ज्ञात चंद्र कोणत्या ग्रहाला? २०२३ च्या फेब्रुवारीत गुरू ९२ चंद्रांसह पुढे गेला. त्याच वर्षी मे महिन्यात शनीचे १४५ झाले आणि मार्च २०२५ मध्ये २७४. कझाकस्तानच्या राजधानीचे नाव २०१९ मध्ये नूर-सुलतान झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. जुना प्रश्नसंच जसाच्या तसा वापरला की बरोबर उत्तर देणाऱ्याचे गुण जातात. गुण लिहिणाऱ्याकडे उत्तरसूची, चालणारी पर्यायी रूपे आणि ही तारीख, तिन्ही आधी पोहोचलेली असावीत.

बरोबरी झाली तर जवळच्या आकड्याचा प्रश्न चांगला, पण आकडा वादातीत हवा. नाईल नदीची लांबी विचारू नये, वेगवेगळे संदर्भ वेगवेगळी देतात. अपोलो ११ चे यान उड्डाणापासून समुद्रात उतरेपर्यंत किती तास प्रवासात होते, असे विचारावे. १९५ तास आणि वर काही मिनिटे, हे नोंदलेले आहे. दोन्ही संघांनी एकाच वेळी खासगी चॅटमध्ये लिहायचे, म्हणजे एकाचा आकडा पाहून दुसरा त्याच्यापेक्षा एकाने सरकत नाही.

आपल्याकडे मागणे एवढेच. ऑनलाइन प्रश्नमंजूषेचे निवेदन छापताना आयोजकांकडून आणखी तीन-चार ओळी मागून घ्या : वेगाला गुण आहेत का, चुकीला वजा किती, गुण कोण लिहिणार, गुणपत्रक संघांना दिसणार का आणि हरकत कधीपर्यंत घेता येईल. ज्या आयोजकाकडे याची उत्तरे तयार नसतील, त्याला ती निवेदन देण्याआधी शोधावी लागतील.

आपली विश्वासू,
एक गुणलेखिका